इंगळे काकूंचे आज्ञार्थ

इंगळे काकू कुणाला विनंती करत नसत. मोताळ्याजवळच्या एका उपकेंद्रात त्यांनी तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. 'ऊठ', 'चाल', 'तोंड उघड' एवढ्यावर त्यांचं काम भागायचं. बाळंतपणात ओरडणाऱ्या बाईवर त्या डाफरत, "वरडू नको! जोर लाव!" आणि ती बाई निमूट जोर लावायची.

निवृत्तीनंतर त्या बुलढाण्यात आमच्या शेजारी राहायला आल्या. मुलगा प्रशांत स्पेनमध्ये, सून एलेना तिकडचीच. तिला दिवस गेले तेव्हा काकू वही घेऊन माझ्याकडे आल्या. मी पुण्यात स्पॅनिश शिकून आले होते आणि घरूनच ऑनलाइन शिकवण्या घेत होते.

"मले सारी भाषा नको. फक्त हुकूम शिकव. बाळंतपणाले तेवढंच लागते."

"सोपं आहे काकू. रेस्पिरार म्हणजे श्वास घेणं. शेवटचा र काढा. रेस्पिरा, श्वास घे."

"अन् 'ती श्वास घेते' कसं म्हणतात?"

"तेही रेस्पिराच."

काकूंनी पेन खाली ठेवला. "मंग हुकूम कोणता अन् बातमी कोणती?"

मान देऊन बोलायचं म्हटल्यावर तर गोंधळ वाढलाच. तिथे शेवटचा आ जाऊन ए येतो: रेस्पिरे, म्हणजे श्वास घ्या. पण कोमेर, म्हणजे खाणं, याच्यासारख्या क्रियापदांत नेमकं उलटं. तू खा, कोमे. तुम्ही खा, कोमा.

"मानानं जेवा म्हणावं तं माणूस कोमात! काऊन असं?"

पुस्तकात नियम होता, कारण नव्हतं. त्यांच्या प्रश्नांनी मीही इतकी गोंधळले की एका शिकवणीत मुलांना उलटंच सांगून बसले.

काकू स्पेनला गेल्या. बाळंतपणाच्या खोलीत एकालाच परवानगी होती. एलेनानं नवऱ्याऐवजी सासूला आत बोलावलं. नात झाल्यावर काकूंचा फोन आला.

"पोरी, सारे आ अन् ए एकात एक झाले व. सुनेले 'घे, लाव' म्हणायचं, तं मी 'घ्या, लावा' म्हणून राह्यली. अन् डॉक्टरीणबाईले अरे-तुरे!"

"मग? हसल्या का त्या?"

"डॉक्टरीण हसली. एलेनानं माहा हात धरला. काय म्हणे ते मागून प्रशांतनं सांगतलं: आई, या टेबलावर एवढ्या मानानं कोणी बोलन असं मले वाटलं नव्हतं." काकू पुढे म्हणाल्या, "मी तं चुकली होती न. पण तीस वर्षं इतक्या बाया माह्यासमोर पडून होत्या. एकीलेही मी तुम्ही नाही म्हटलं."

तीन महिन्यांनी काकू परत आल्या. मोताळ्याच्या आठवडी बाजारात मी त्यांच्यासोबत होते. वांगी घेऊन बसलेल्या एका बाईसमोर त्या थांबल्या. तिची दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली होती.

"कशा आहात तुम्ही?" काकूंनी विचारलं.

त्या बाईच्या हातातला तराजू खाली आला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि डोक्यावरचा पदर सावरत घाईनं उठून उभी राहिली.

"काय चुकलं जी सिस्टरबाई माह्यं?"

"काही नाही चुकलं. बसा तुम्ही," काकू हळूच म्हणाल्या.

ती बसेना.