आक्काचा डावा हात

आक्काच्या पत्र्याच्या पेटीत झाकणाला आतून एक फोटो चिकटवलेला होता. इटलीची तलवारबाज, गळ्यात सुवर्णपदक, काखेत जाळीचा मुखवटा, तलवार डाव्या हातात. पेपरातून तो मीच कापून दिला होता. बाईचं नाव इतकं अवघड, की आमच्या घरात ती ‘इटलीवाली’च राहिली.

माझी ही थोरली बहीणही डावखुरी. त्यापायी लहानपणी तिनं आईचे धपाटे खाल्ले. पण वसमतच्या आमच्या शाळेत तलवारबाजी आली आणि सरांनी तोच हात उचलून धरला. डाव्या हाताचा वार कुठून येतो, ते समोरच्या पोरींना कळायचंच नाही. खेळाआधी तलवार हनुवटीशी नेऊन समोरच्याला सलामी द्यायची असते. स्पर्धेला निघताना आक्का पेटी उघडून पहिली सलामी इटलीवालीला द्यायची. मी खिदळायचे. इटलीवाली पुन्हा जिंकल्याची बातमी आली, की आक्काला ओरडून सांगायचे मात्र मीच.

आक्का एकोणीस वर्षांची झाली. राज्याच्या संघाची निवड पंधरा दिवसांवर होती, तेवढ्यात कनेरगाव नाक्याचं स्थळ आलं. मुलगा मास्तर, घरची शेती. पोरीच्या मनात असेल तरच, असं वडील म्हणाले. तसं म्हणणारा बाप आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. आक्कानं विचारलं मला.

“तू पेपर वाचतीस. लग्न झाल्यावर खेळता येतं का गं?”

मला काय माहीत होतं? पंधरा वर्षांची अतिशहाणी मी. शिवाय ती गेली की खोली माझी एकटीची होणार, हेही डोक्यात होतंच. दिलं ठोकून, “कुणी न्हाई खेळत. लेकरू झालं की तुझी इटलीवाली पण सोडून देईल बघ.”

आक्का निवडीला गेलीच नाही.

काही वर्षांनी पेपरात बातमी आली. इटलीवालीला मूल झालं होतं आणि चार महिन्यांत ती पुन्हा जगज्जेती झाली होती. बातमी लपवता आली असती, पण मला राहवेना. ती कापून घेऊन मी एसटीनं कनेरगाव नाक्याला गेले.

आक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. शेजारी धाकटं निजलेलं. थापत होती उजव्या हातानं.

“सासूबाईंना डाव्या हाताची भाकर चालत न्हाई,” ती म्हणाली. “झाली आता सवय.”

कात्रण तिनं दोनदा वाचलं.

“चारच महिन्यांचं लेकरू व्हतं?”

“व्हय.”

तिनं निजलेल्या पोराकडं पाहिलं. मला रडूच फुटलं. “आक्का, माझ्यापायी झालं गं हे.”

“काहून रडतीस? तुला तवा काय कळत व्हतं?”

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटले असते. तिनं कात्रण पिठाच्या डब्याखाली सारलं आणि भाकरी उलटली.

मला सोडायला ती नाक्यापर्यंत आली. बस हलली तशी तिनं हात वर केला. उजवा.