सीटखालची बॅटरी

मला मोटारवालं सासर मिळालं म्हणून नगरला आमच्या आळीत केवढं कौतुक झालं होतं! कौतुक करणाऱ्यांपैकी एकीला तरी त्या मोटारीत मागच्या सीटवर तासभर बसवायला हवं होतं. मी बसलेय. नेवाशाजवळच्या सासरच्या गावाहून नेवाशापर्यंत, कधी थेट नगरपर्यंत, लढाईची दोन-तीन वर्षं मी त्या सीटवर काढली.

माझे सासरे इनामदार. घरात गोशा कडक. मोटार जुनी, कापडी टपाची; पुढच्या सीटमागे टपापर्यंत लाकडी आडभिंत. आम्ही बायका बसलो की दोन्ही बाजूंना कॅनव्हासचे जाड पडदे लावायचे आणि त्यांची पितळी बटणं बाहेरून फिरवून बंद करायची. पूर्वी कधीतरी भर बाजारात घरातल्या एका बाईच्या हातून दार उघडलं होतं आणि चार लोकांनी आत पाहिलं होतं. तेव्हापासून मामंजींनी मागच्या दोन्ही दारांच्या आतल्या मुठी काढून टाकल्या होत्या. दार उघडायचं ते बाहेरून, ड्रायव्हरनं, आणि तेही मान फिरवून. आत मी आणि सासूबाई. चैत्र-वैशाखात घामानं लुगडं अंगाला चिकटायचं, आणि सासूबाई आपल्या शांतपणे मांडीवर चंची उघडून पान लावत बसायच्या. मला त्यांचा असा राग यायचा!

त्यात लढाईमुळे पेट्रोल मिळेना. मामंजींनी मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवून घेतली. तिच्या गॅसवर गाडी चालायची, पण धूर ओकत. भट्टीच्या नळ्या ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळ्यांखालून न्यायच्या होत्या आणि नेमकी तिथंच बॅटरी होती. मग तिची जागा कुठं करायची? गावातल्या सुतारानं ती उचलून मागच्या सीटखाली ठेवली, तिच्यावर एक फळी टाकली आणि फळीवर सीट. म्हणजे बरोबर आमच्या खाली. आम्हाला विचारायचा प्रश्नच नव्हता.

महिना-दोन महिन्यांत माझ्या लुगड्यांना भोकं पडायला लागली. नेसताना धड असायचं, धुतलं की चाळण. सासूबाईंच्या रेशमी लुगड्यांना मात्र काही होत नव्हतं.

"इस्तवावर बसतीस का काय गं?" सासूबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या.

माझे वडील शाळेत शास्त्र शिकवायचे. सुती कापडावर तेजाबाचा थेंब पडला की काय होतं, ते मी लहानपणीच पाहिलं होतं. एक दिवस दुपारी सगळे झोपलेले पाहून मी आवारात गेले आणि सीट उचलली. आई गं! बॅटरीच्या दोन्ही टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढली होती. तेजाब सांडून सांडून खालचा पत्रा इतका खाल्ला गेला होता की भोकांतून जमीन दिसत होती. फळी बोटानं दाबली तर तिचा भुगा हातात आला. आणि सीटच्या लोखंडी स्प्रिंगा खाली लोंबत होत्या. फळी मोडली की त्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर एकदम टेकणार, तापून लाल होणार आणि सीटमध्ये भरलेला काथ्या पेटणार. आम्ही आत, आणि दाराला मूठ नाही.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आबांपुढं बोलायची माझी छाती नाही." झालं! मग सासूबाईंना सांगितलं. त्या हसल्या. "मास्तराची लेक आता आमाला मोटार शिकवनार." तेव्हापासून गाडीत मी सीटच्या कडेवर अंग चोरून बसायची आणि सारखी खाली वास घ्यायची.

आणि एका बाजारच्या दिवशी तो वास आला. मामंजींचं नेवाशाला कचेरीत काम होतं. गाडी कचेरीसमोर उन्हात उभी केली, मामंजी आत गेले, दप्तर घेऊन ड्रायव्हरही त्यांच्या मागोमाग गेला. आम्ही दोघी बंद. सासूबाई अंगानं भारी. पाय आखडले म्हणून त्यांनी ते वर घेतले आणि नीट मांडी घालून बसल्या. खाली काहीतरी कडकन मोडलं, मग चर्र असा आवाज आला आणि काथ्या जळल्याचा वास नाकात गेला.

"आत्याबाई, उठा! खाली पेटलंय!"

"हळू बोल. भाईर मानसं हायेत."

सीटच्या फटीतून धूर यायला लागला. मी ओरडायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या तोंडावर हात दाबला. चांगला जोरानं. धुरानं त्यांच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं, त्या खोकत होत्या, पण हात काढीनात. "मालक येतील. वरडू नगं. आपला आवाज बाजारात जायचा न्हाई." आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. माणूस जळून मरेल, पण आवाज बाहेर जाता कामा नये! मी त्यांच्या हाताला कडकडून चावले.

बाहेरच्यांना धूर दिसत नव्हता का? दिसत होता की. पण ती गाडी भट्टी बसवल्यापासून धूरच सोडत आली होती. कोण कशाला लक्ष देतंय!

मी त्यांच्या चंचीतला अडकित्ता ओढून काढला आणि पडद्याची कड कातरत सुटले. कॅनव्हास जाड, हात घामानं निसटतोय, मांडीखाली चटके बसताहेत. हात जाईल एवढी फट झाली तसा मी खांद्यापर्यंत हात बाहेर काढला आणि मूठ चाचपायला लागले. बोटं लागत होती, पण फिरवता येईना. बांगड्या भरलेला हात इनामदारांच्या गाडीतून बाहेर आलेला बाजारानं पाहिला, आणि काय केलं असेल? पुरुषांनी पाठ फिरवली. मर्यादा म्हणून! फटीतून मला नुसती पागोटी आणि पाठी दिसत होत्या.

"अरे मेल्यांनो, पाठी काय दाखवता, दार उघडा!" असं मी बोंबलले. इनामदारांची सून बोंबलली.

तरी कुणी पुरुष पुढं आला नाही. मेथी विकणारी एक बाई धावत आली, तिनं मूठ फिरवली आणि आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर रस्त्यात पडलो. भाजीवर शिंपडायला आणलेलं घागरभर पाणी तिनं सासूबाईंच्या पेटलेल्या लुगड्यावर आणि सीटवर ओतलं. सासूबाईंच्या लुगड्याचा काठ जळाला होता, पोटरीवर तळहाताएवढा फोड आला होता. त्या धुळीत बसून डोक्यावर पदर ओढत होत्या, आणि तो ओला पदर सारखा घसरत होता.

पुढे मामंजींनी नगरहून मिस्त्री बोलावला. सुताराचं काम पाहून त्यानं कपाळावर हात मारला. बॅटरी बाहेर पायरीवर ठेवायची, डांबर फासलेल्या लाकडी पेटीत, झाकणाला भोकं पाडायची, वर लोखंड येऊ द्यायचं नाही, असं त्यानं सांगितलं. "कोंडून ठिवायची न्हाई मालक, हवा लागती तिला. आन् येळ आली तर झटकन काढता आली पायजे." मामंजींनी सगळं मान डोलावून ऐकलं. दाराआड उभी राहून मी ऐकत होते. मला हसू आलं आणि मग इतकं रडू आलं की मी पदर तोंडात कोंबला.

माझ्या शेजारी सासूबाई उभ्या होत्या. त्या दाराआडूनच म्हणाल्या, "दारांस्नी आतनं मुठी लावून घ्या." नवऱ्याला काही करायला सांगताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

मामंजी मिस्त्रीला म्हणाले, "लाव एक. बायकांना दोन दारं कशाला?"

एकच मूठ लागली, सासूबाई बसायच्या त्या बाजूच्या दाराला. पोटरी बरी झाल्यावर आम्ही पुन्हा नेवाशाला निघालो. गाडीपाशी आल्यावर सासूबाईंनी मला हातानं थांबवलं, आधी स्वतः चढल्या आणि सरकत सरकत पलीकडच्या, मूठ नसलेल्या दाराशी जाऊन बसल्या.

"आत्याबाई, मूठ तुमच्या बाजूला लावलीय," मी म्हटलं.

"बस तू तितं," त्या म्हणाल्या. "मला उघडून आता कुनीकडं जायचंय?"