सुकणाऱ्या बोंबलाचा दिग्दर्शक

"अंगठा सैल सोडायचा, शेठ!" असं म्हणत तो कागदांची जाड गड्डी माझ्या नाकाखाली फर्रकन चाळायचा. फ्लिपबुक म्हणतात त्याला. पनवेलच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक असो नसो, त्याचा सिनेमा लागलेला असायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, तर माझी तुम्हाला सहानुभूती आहे.

तो करंजा गावचा कोळी, बंदरावर क्रेन चालवायचा. कॅमेऱ्याशिवायही सिनेमा होतो, पानापानावर चित्रं काढून भराभर चाळली की पुरे, असं त्याने खारघरच्या कुठल्याशा शिबिरात ऐकलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून गडी प्रायोगिक दिग्दर्शक.

पहिल्या कलाकृतीत ऐंशी पानं आणि ऐंशीही पानांवर काठीवर टांगलेला एकच बोंबील.

"अरे, यात काहीच हलत नाही!"

"सुकतोय नं तो. सुकायला टायम लागतो."

मी गिऱ्हाइकांना सांगायचो, "या, आमच्याकडे मल्टिप्लेक्स आहे." तोही हसायचा.

मग त्याची आई गेली. काही महिने तो फिरकलाच नाही. आला तो दीडशे सुटी पानं घेऊन. आई मासळी सुकवत बसलीय, उठते, टोपली डोक्यावर घेते, चालत लांब जाते. शेवटची पानं कोरी. खारघरच्या एका महोत्सवात द्यायला ती बांधून हवी होती. "सगल्यांनी बघायला पायजे तिला," एवढंच म्हणाला.

आमच्या जुन्या यंत्रातून झेरॉक्सचा गठ्ठा उलटा निघतो. खालचं पान वर घेत तो सुलटा लावायची माझ्या हाताला सवय. त्याच्या पानांवर आकडे नव्हते, "सिनेमाला नंबर नसतात, शेठ!" ती मुळात सुलटीच होती, पण मी सवयीने सगळी पानं उलटी लावली आणि गोंदाने घट्ट बांधून दिली.

महोत्सवातले अंबाडावाले परीक्षक म्हणाले म्हणे, "काळच उलटा फिरवलाय! काय धाडस!" धाडस कसलं, माझा गाढवपणा. विद्वानांना नेमका तेवढाच कळला.

मी ओशाळून म्हटलं, "आण इकडे, तोडून सुलटी बांधतो."

त्याने गड्डी छातीशी धरली. "नको शेठ. आता आय घरी येते."

खरं तर तोडायचीही गरज नव्हती. मागून चाळली असती तरी आई उठून निघून गेली असती. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याने एकदाही मागून चाळली नाही.

यंदा तोही गेला. गड्डी त्याच्या बायकोने मला आणून दिली. इतकी वर्षं मी त्याचा एकही सिनेमा धड पाहिला नव्हता, याची आता लाज वाटते. दुपारी दुकान रिकामं असलं की अंगठा सैल सोडतो. आधी कोरी पानं, मग लांबवर टोपली, मग ती येते आणि मासळीशी बसते. मी गड्डी तशीच मिटून ठेवतो. मागून चाळायची हिंमत मलाही होत नाही.