बर्वेकाकांची ओळख

मेल पाठवण्याआधी बर्वेकाका शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावत. मेल गेला की ते सोडत. नोएडातल्या आमच्या काचेच्या ऑफिसात एसी असा असायचा की मे महिन्यातही मुली शाली घेऊन बसत. त्यामुळे पहिले काही दिवस मला वाटलं, म्हाताऱ्याला थंडी वाजत असेल. शेवटी विचारलं. म्हणाले, "अगं, परक्याच्या दारात उभं राहायचं ते काय उघड्या गळ्याने?"

काका केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी आवक-जावक विभागात, आलेल्या-गेलेल्या पत्रांच्या नोंदी करण्यात गेली. दिल्लीतल्या द्वारकेला सोसायटीत फ्लॅट, मुलगी सासरी, सुमनकाकूंचे गुडघे दुखरे. "घरी बसून डोक्यावरची विमानं किती मोजणार?" म्हणत ते रोज मेट्रोने यमुना ओलांडून कामाला येत. मीही मराठीच, पण दिल्लीच्याच मयूर विहारात वाढलेली. माझं मराठी घरच्या जेवणाच्या टेबलापुरतं. वयाने मी त्यांच्या निम्मी आणि हुद्द्याने त्यांची टीम लीडर. चारचौघांत ते मला "मॅडम" म्हणत, आणि डबा उघडला की "वैदेही".

आमचा धंदा थोडक्यात सांगते. सर्च इंजिनवर कोणी "पाण्याचा पंप" असं शोधलं तर कोणत्या कंपनीची वेबसाइट वर दिसणार, हे बरंचसं इतर किती वेबसाइट तिच्याकडे बोट दाखवतात यावर ठरायचं. या बोट दाखवण्याला लिंक म्हणतात. गिऱ्हाइकांसाठी अशा लिंका मिळवून देणं, हे आमचं काम. बाकीची पोरं एकच मजकूर शेकडो लोकांना पाठवून मोकळी होत. काका मात्र एकाला लिहिण्याआधी दोन दिवस त्याची वेबसाइट वाचत बसत.

एकदा डबा खाताना ते म्हणाले, "आमच्या शेजाऱ्याने आज लिफ्टमध्ये ओळखच दिली नाही."

मी विचारलं, "कसली ओळख? आयडी कार्ड?"

काका हसून हसून ठसकले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "दिल्लीने तुझं पार वाटोळं केलंय बघ. ओळख देणं म्हणजे माणूस समोर आला की 'हो, याला मी ओळखतो' असं सांगणं. तोंडाने नाही तर निदान मानेने." मग पोळीचा तुकडा हातात तसाच धरून विचारात पडले. "तुमची लिंक तरी दुसरं काय आहे? एका साइटने दुसरीला चारचौघांत ओळख देणं." त्या दिवसापासून ते लिंकला ओळखच म्हणू लागले. "आज एक ओळख मिळाली, मॅडम," असं भर मीटिंगमध्ये सांगत, आणि चोप्रा सर, म्हणजे आमचे मालक, कपाळाला हात लावत.

त्यांची पद्धत एकच. "आधी त्याच्या अंगणात पडलेलं उचलून द्यावं, मग आपलं मागावं." फरीदाबादचे सेठीजी पंप बनवत, ते आमचं मोठं गिऱ्हाईक. त्यांच्यासाठी काकांनी इंग्लंडातल्या पीटर नावाच्या एका म्हाताऱ्याला गाठलं. त्याची जुन्या हातपंपांवर वेबसाइट होती. काकांनी ती पानन् पान वाचली, त्यातल्या दोन बंद पडलेल्या लिंका आणि चित्राखालचं एक चुकीचं नाव कळवलं. पत्राच्या शेवटी सेठीजींच्या पंपांबद्दल फक्त एक ओळ. पीटरने लिंक दिली, वर आभारात "दिल्लीचे मिस्टर बर्वे" असं छापलं. पुढे दोघांचा पत्रव्यवहारच सुरू झाला. पीटर काकूंच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, काका त्याच्या बागेची.

अशाने महिन्याचं टार्गेट होत नसे. ते मी पूर्ण करायचे. घाऊक लिंका विकणारे लोक होते. त्यांच्याकडून जुगाराच्या, गोळ्या-औषधांच्या, कसल्याही साइटवर सेठीजींची लिंक लावून घ्यायची. काकांनी एकदा माझी यादी पाहिली. "ही काय ओळख झाली? हे भाड्याचे वऱ्हाडी. मांडवातून कधी उठून जातील, पत्ता नाही."

मी म्हटलं, "काका, चलता है. सगळेच करतात."

मग सर्च इंजिनने नियम बदलले. खोट्या लिंका असलेल्या साइट खाली ढकलल्या गेल्या आणि सेठीजींची साइट पहिल्या पानावरून दिसेनाशीच झाली. ते फरीदाबादहून तावातावाने आले. माझी यादी टेबलावर होती. त्यांनी विचारलं, "ये लिंक किसने बनाए?"

चोप्रा सर म्हणाले, "बरवे जी देखते थे." ऑफिसात सगळ्यात सहज काढून टाकता येण्यासारखे तेच होते.

सेठीजी माझ्याकडे वळले. "मॅडम, आप भी मराठी, ये भी मराठी. आपके ही आदमी होंगे?"

काका माझ्या अगदी समोर बसले होते. मी म्हणाले, "नहीं सर, मैं इन्हें ख़ास जानती नहीं. ये सीधे सर को रिपोर्ट करते थे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि जराशी मान हलवली. ओळखीचं माणूस दिसल्यावर हलवतात, तशी. मग सेठीजींना म्हणाले, "जी, काम में चूक हुई है. माफ़ कीजिए." दुपारी डब्याची पिशवी घेऊन ते निघाले, ते परत आले नाहीत. मला काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं, हे कळत होतं. मी कॉफी आणली आणि कामाला लागले.

काम साफसफाईचं होतं. आधी प्रत्येक साइटवाल्याला "आमची लिंक काढा" म्हणून लिहायचं, आणि उरलेल्यांची "यांच्याशी आमचा संबंध नाही" अशी यादी सर्च इंजिनला द्यायची. चोप्रा सर म्हणाले, सब हटाओ. मी सगळ्यांनाच मेल केला, काकांनी जोडलेल्या लोकांनासुद्धा. उत्तर एकच आलं, पीटरचं. "मिस्टर बर्वे सांगतील तर काढीन. त्यांना मी ओळखतो. तुम्हाला मी ओळखत नाही."

म्हणजे काकांना फोन करणं आलं. आज करू, उद्या करू, असं करत आठवडा गेला. मग ऑफिसच्या रिसेप्शनवरच फोन आला. काका गेले होते. सकाळी पेपर वाचता वाचता, खुर्चीतच.

द्वारकेला मी एकटीच गेले. मेट्रोत खिडकीजवळ जागा मिळाली, याचं बरं वाटलेलं आठवतं. दार काकूंनीच उघडलं, चौकटीला धरून. "ऑफिसातली," एवढंच मी सांगितलं. त्यांनी बसवलं, पाणी दिलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिथल्या वैदेहीला ओळखता का हो तुम्ही? डब्यातली अळूची भाजी तिच्यासाठी जास्त न्यायचे. ती आली नाही."

"तोंडओळख आहे," मी म्हणाले.

काकू बरं म्हणाल्या. पाण्याचा पेला मी दोन्ही हातांत धरून बसले होते. रडू आलं नाही. परतीच्या मेट्रोतही नाही, आणि घरी आईने विचारलं तेव्हाही नाही. आजवर आलेलं नाही. त्याची मला लाज वाटते, पण तीही दूरवरून, दुसऱ्या कोणाची असावी तशी.

दुसऱ्या दिवशी 'संबंध नाही'वाली ती यादी पूर्ण करायची होती. काकांनी मिळवलेल्या सगळ्या ओळखी मी यादीतून एकेक करून काढल्या. चोप्रा सरांना सांगितलं, या राहतील. माझ्या लिंका मात्र माझ्या नावावर लिहून दिल्या. ते बरंच बोलले. त्यातलं मला काही आठवत नाही.

मग पीटरचं पत्र उघडलं. माझ्या कुर्त्याला गळ्याशी बटण नव्हतं. ओढणी नीट केली आणि पहिलं वाक्य लिहिलं: "मिस्टर बर्व्यांना मी ओळखत होते."