मिस्टर रवळनाथ यांचा मोबाईल नंबर

किस्से गोळा करायला मी कधी कुठे गेले नाही. मालवणच्या बाजारात आमचा चार कॉम्प्युटरचा सायबर कॅफे होता आणि आत यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. बाहेर चपला जमायच्या, आत किस्से. संध्याकाळी चपला आपापल्या पायांतून घरी जात, किस्से मात्र माझ्याकडेच राहत.

ही २००५ ते २००९ची गोष्ट. त्याआधी मी कुडाळला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. लग्न होऊन मालवणात आले आणि सासऱ्यांच्या ओटीवरच कॅफे टाकला. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, रिटायर्ड पोस्टमास्तर. ते गल्ल्यावर बसत. "आमच्या सुनेक कॉम्प्युटरातला सगळा कळता," अशी माझी ख्याती त्यांनीच गावभर पसरवली. त्यामुळे बोगस मेल, हॅक झालेली अकाउंटं, विसरलेले पासवर्ड, सगळं माझ्याच गळ्यात पडायचं.

*

पहिला मान बापूंचा. बापू आंब्याचे बागायतदार, माणूस भला. त्यांना मेल आला की लंडनच्या लॉटरीत पाच लाख पौंड लागले आहेत, फक्त प्रोसेसिंगचे वीस हजार रुपये पाठवा.

"बापू, हे चोर आसत," मी म्हटलं. "तिकीट तरी काढलेलात काय तुम्ही?"

"नाय ना! तिकीट काढल्याशिवाय लागला, म्हणजे देवाचीच कृपा नाय ती?"

अण्णा बापूंना पुरते ओळखून. ते शांतपणे म्हणाले, "कृपा देवाची, तर मगे देवाकच इचार."

बापू गावी गेले आणि रवळनाथाला कौल लावला. देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. पुढच्या सोमवारी बापू परत गेले, परत डावी. देव ठाम होता.

मग त्यांनी माझ्याकडून इंग्रजीत मेल लिहून घेतला, की रवळनाथांची परवानगी मिळत नाही, तोवर पैसे पाठवता येत नाहीत. मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं: "मिस्टर रवळनाथ यांचा मोबाईल नंबर तातडीने कळवावा. आम्ही त्यांच्याशी थेट बोलून त्यांच्या शंका दूर करू."

बापूंनी ते दोनदा वाचून घेतलं आणि जरा विचार केला.

"तेंका लिव," ते म्हणाले, "फोन नाय आसा. सोमवारी नारळ घेवन येवा."

*

आता घरचाच आहेर. कॅफेत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, वेळ रजिस्टरात लिहावी लागे. ते खातं अण्णांचं. अक्षर मोत्यासारखं.

एकदा आठ दिवसांत आमच्या पाच गिऱ्हाइकांची अकाउंटं हॅक झाली. मी चारही मशिनं फॉरमॅट केली, अँटिव्हायरस बदलला, इंटरनेटवाल्याशी भांडले. पत्ता लागेना. शेवटी एका दुपारी सहज रजिस्टर चाळलं. नाव, गाव, वेळ, आणि त्यापुढे पट्टीने आखलेला एक नवा रकाना: पासवर्ड.

"लोक इसारतत गो," अण्णा म्हणाले. "मगे तुकाच त्रास."

आणि हे रजिस्टर कुठे? गल्ल्यावर, सताड उघडं. ज्या माणसाने जन्मभर लोकांची पत्रं न वाचता पोचवली, त्याला दुसरा कोणी वाचेल ही शंकाच शिवली नव्हती. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण पानं उलटता उलटता तो गेला.

दर महिन्याला एक हवालदार येऊन ते रजिस्टर तपासत आणि 'नोंदी व्यवस्थित' असा शेरा मारून सही करत. तिसऱ्या पानावर त्यांचाही पासवर्ड होता.

*

विजयदुर्गाकडचे दत्ताराम आणि गणपत हे सख्खे चुलतभाऊ. एका फणसाच्या झाडावरून दोघांचा दावा चौदा वर्षं चालला होता. दत्तारामला मेल आला की परदेशात तुमच्या आडनावाचा एक इंजिनियर वारला, बँकेत करोडो रुपये पडून आहेत, तुम्ही वारस म्हणून उभे राहा.

मी नको नको म्हणत असताना दत्तारामने सातबारा स्कॅन करून पाठवला. त्यावर बावीस नावं. सोबत प्रामाणिक खुलासा, की वारस बावीस असून सगळ्यांच्या सह्या लागतील, त्यातले सात मुंबईत आणि दोघे बोलत नाहीत.

भामट्याने कळवलं, "आपण एकटे पुरेसे आहात."

हे गणपतच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो हजर. "एकटो कसो वारस? तो धाकट्या घरातलो. माझी हरकत लिव." मी हरकत लिहिली. मग दत्तारामने हरकतीला उत्तर दिलं. महिनाभर दोघे आळीपाळीने येत होते. मला बरंच वाटत होतं, कारण भांडणाच्या नादात दोघांपैकी एकानेही पैसा पाठवला नव्हता.

शेवटी भामट्याचाच मेल आला: "मयताचा खरा वारस सापडला आहे. कृपा करून यापुढे आम्हाला लिहू नये."

दत्ताराम स्क्रीनकडे बघत म्हणाला, "खरो वारस म्हणजे गणपतच आसतलो." फणसाच्या दाव्यात आता हाही मुद्दा घातलाय म्हणे.

*

उदय दशावतारात बायकांचे पार्ट करायचा. मित्र जोडायची आणि त्यांना स्क्रॅप, म्हणजे निरोप, लिहायची एक साईट तेव्हा जोरात होती. कोणीतरी त्याचा शालू नेसलेला फोटो लावून 'उर्वशी' नावाने खोटं अकाउंट काढलं. उदय तणतणत आला. मी तक्रारीचा फॉर्म भरला, बटण दाबणार, तेवढ्यात त्याला दिसलं की उर्वशीला चारशे मित्र आहेत. त्याला स्वतःला अकरा.

"थांब गो वैनी, बंद नको करया," तो म्हणाला. "तेका लिव, शनिवारी नेरूराक नाटक आसा, तेवढा टाक म्हणान."

त्या भामट्यानेही इमानदारीत टाकलं. नाटकाला मुंबईहून दोघे जण गुलाब घेऊन आले होते.

*

शेवटचा किस्सा सुमनकाकीचा. काकी बाजारात मासे विकायची. नवरा गेलेला, एकुलता एक झील नितीन मोठ्या बोटीवर इंजिनरूममध्ये. फोन महिन्यातून एखादा. झील खातोपितो, हसतो, हे तिला दिसायचं ते त्याच साईटवरच्या त्याच्या पानावर. दर सोमवारी बाजार ढिला असला की ती हात धुऊन यायची, फोटो बघायची आणि जायची.

एका सोमवारी पान उघडलं तर फोटो गायब. नातेवाइकांना मात्र नितीनच्या नावाने मेसेज: पाकीट चोरलं, अडकलोय, पैसे पाठवा. काकीचा भाऊ बँकेत निघालाही होता. अण्णांनी फोन करून त्याला थांबवलं. पण काकीला धड सुचेना. "म्हणजे माझो झील खंय आसा?" एवढंच ती परत परत विचारत होती.

"तो बोटीवरच आसा, काकी. हे चोराचे मेसेज." मी धीर दिला, पण मलाही अकाउंट उघडल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. चोराने पासवर्ड बदलला होता, पण नितीनने घातलेला गुप्त प्रश्न बदलायला विसरला होता. उत्तर बरोबर आलं तर सगळं परत. तीन वेळा चुकलं तर कायमचं बंद.

प्रश्न होता: आवडता पदार्थ कोणता?

काकीचा चेहरा एकदम उजळला. "ह्या माका इचारतत? जल्म दिलंय मी तेका. सरंगो घाल, सरंगो!"

मी त्या माशाचं नाव घातलं. चूक.

"मगे तिसऱ्यांचा सुक्या. ताट चाटूनपुसून खाता."

शिंपल्यांचं सुकंही चूक. पदराचं टोक बोटाला गुंडाळत काकी स्क्रीनकडे बघत राहिली. आपल्या झिलाला काय आवडतं हे आपल्याला ठाऊक नाही, हे त्या बाईला चोरीपेक्षा जास्त लागलं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

"सुमन, सावकाश इचार कर," अण्णा म्हणाले. "आता एकदाच घालूक गावतला."

चार नंबरच्या मशिनवर एक मुलगी नर्सिंगच्या नोकरीचा फॉर्म भरत बसली होती. तिने मान न वळवता, अगदी हळू आवाजात सांगितलं, "फ्लॉवरची भाजी."

काकी फणकारली. "माझ्या घरात आजपावत फ्लॉवर शिजाक नाय."

मी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी माझ्याकडे. माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. देवाचं नाव घेतलं आणि फ्लॉवर टाईप केलं.

अकाउंट उघडलं. मी पासवर्ड बदलला, मेसेज थांबवले, चोराने लपवलेला एकेक फोटो परत दिसता केला. नितीन डेकवर, नितीन टोपीत, नितीन हसताना. काकीने प्रत्येक फोटोवरून बोट फिरवलं, डोळे पुसले, नाक पुसलं. मग फिरती खुर्ची हळूहळू चार नंबरकडे वळवली.

"मगे कोणाच्या घरात शिजता गो?"