तुळसाकाकीच्या खळ्यातली भुयारी रेल्वे

मी घावन उलथायच्या बेतात होते आणि दाराची कडी वाजली.

आमच्या वाडीत दिवसाउजेडी कुणी कडी वाजवत नाही. दार सताड उघडं असतं. माणसं खळ्यातूनच, म्हणजे पुढच्या अंगणातूनच, हाक मारत आत येतात, आणि शेजारची तुळसाकाकी तर हाक मारायच्या आधीच चुलीपाशी येऊन टेकलेली असते. त्या दिवशी मात्र ती उंबऱ्याबाहेर ताठ उभी होती आणि उघड्या दाराची कडी धरून खडखड वाजवत होती.

"काकी, अगं आत ये की!"

"हापिसाचा काम आसा, वयनी," ती म्हणाली आणि हातातलं निळं हवाईपत्र तिनं पुढं केलं. "आदी वाच. मगे बसतंय."

मास्तरांची बायको म्हणून सारी वाडी मला वयनी म्हणते आणि बी. ए. झालेली म्हणून सारी वाडी आपली पत्रं माझ्याकडून वाचून घेते. घावन करपलं तसंच सोडून मी पत्र फोडलं. तिच्या सत्यवानाचं होतं. सगळं खुशाल होतं. शेवटी एक ओळ होती: 'माझ्या लायनीचं दुरुस्तीचं काम निघालं आहे, म्हणून एक तारखेपासून मला दुसऱ्या लायनीवर घातलं आहे. ही नदीखालून जाते.'

"आज किती तारीख?" तुळसाकाकीनं विचारलं.

"दहा."

ती उंबऱ्यावरच बसली. "म्हणजे नव दिवस," ती म्हणाली, "नव दिवस देव जुन्या फलाटार उबो आसा, आणि माझो झील दुसऱ्या वाटेन जाता!"

तिचं दुःख समजायचं तर थोडं मागं जायला हवं.

तुळसाकाकी म्हणजे अकरा माड, एक गाय, लाल भाजीचे चार वाफे आणि एकुलता एक झील, हा सत्यवान. घो वारला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. तिनं एकटीनं त्याला वाढवलं आणि कधी कुणापुढं रडली नाही. रात्री विहिरीत पडलेली शेजाऱ्याची शेळी तिनं स्वतः उतरून काढली होती, आणि वर आल्यावर शेळीलाच शिव्या घातल्या होत्या. अशी ही बाई. सत्यवान एकोणिसाव्या वर्षी जहाजावर गेला, तेव्हाही ती घाबरली नाही. समुद्र तिला ठाऊक होता. पण तीन वर्षांनी त्यानं कळवलं, की विलायतेतल्या एका मोठ्या शहरात जमिनीखालून रेल्वे धावते आणि त्या रेल्वेत त्याला नोकरी लागली आहे. शेवटच्या डब्यात उभं राहायचं, माणसं चढली-उतरली की दारं लावायची आणि घंटी द्यायची.

"दारां लावूचो पगार?" तिचा विश्वास बसेना. "घरात असताना मेल्यान एक दिस कवाड लावल्यान नाय. कुत्री रांधपात शिरत."

हसून झालं, आणि मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, की आपला मुलगा दिवसभर जमिनीच्या पोटात असतो. तेव्हा ती गंगारामबाबाकडे गेली.

गंगारामबाबा आमच्या गावात गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं घालायचं म्हणजे आमच्या ग्रामदेवापुढं, रवळनाथापुढं, उभं राहून, कोण माणूस, कुठला, कुठल्या हद्दीत आहे आणि त्याच्यावर काय संकट आहे हे देवाला नावानिशी सांगायचं, आणि मागे उभ्या असलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. यात हद्द फार महत्त्वाची. हद्द चुकली तर देव भलतीकडे जातो, असं गंगारामबाबाचं म्हणणं.

"गाडी खंयसून खंय जाता?" त्यानं पहिलाच प्रश्न विचारला.

सत्यवानानं सतरा स्टेशनांची यादी पाठवली. मी ती वाचून दाखवली. गंगारामबाबानं दोन वेळा प्रयत्न केला आणि पाण्याचा तांब्या मागितला. "जी नावां माझ्या तोंडाक वळणत नाय, ती देवाक कशी सांगू?" मग आम्ही स्टेशनांना आसपासच्या गावांची नावं दिली. जिथं चार लायनी एकत्र येतात ते स्टेशन कट्टा, कारण आमच्याकडे बाजार आणि मोटारींचा थांबा तिथं. गाड्या जिथं मुक्कामाला जातात ते पिंगुळी. आणि लायन जिथं संपते ते बांदा. बांद्याच्या पलीकडे तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. गोवा मोकळा व्हायला अजून तीन वर्षं होती. त्यामुळे बांद्यापुढं कुठलीही लायन जाईल, असं कुणाच्या मनात आलं नाही.

नकाशा कायतानबाबनं काढला. कायतानबाब ख्रिस्ती, काकीच्या वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, पलीकडे राहतो. जहाजावर वीस वर्षं कोळसा टाकून तो घरी आलेला, आणि आख्ख्या पंचक्रोशीत अशी रेल्वे डोळ्यांनी पाहिलेला तो एकटाच.

"मी एकदा खाल उतारलंय," तो सांगायचा. "तीन तास गाडयेन फिरलंय, चार वेळा गाडी बदललंय, आणि वर येवन बघतंय तर जंय उतारलंय थंयच!"

"म्हणजे काय समाजला तुका?" तुळसाकाकीनं विचारलं.

"काय्येक नाय. पण बघलंय मात्र सगळा."

एवढा अनुभव पुरेसा होता. तुळसाकाकीनं खळं नव्यानं सारवलं आणि त्यावर कायतानबाबनं कालवलेल्या चुन्यानं लायनी ओढल्या. पिंगुळी गोठ्यापाशी, कट्टा बरोबर मध्ये, बांदा न्हाणीच्या दगडाजवळ. मग दर सोमवारी गंगारामबाबा कट्ट्यावर उभा राहून गाऱ्हाणं घालू लागला. मागे मी आणि तुळसाकाकी. कायतानबाब वईवरून.

"बा देवा रवळनाथा, ही तुळसा तुझ्या पायाकडे इली आसा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तिचो झील सत्यवान परमुलखात जमनीच्या पोटातसून गाडी हाकता..."

"हाकणा नाय, दारां लावता," तुळसाकाकी मागून म्हणाली.

"...दारां लावता रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"पिंगुळेसून भायर पडान, कट्ट्यार वळान, बांद्याक जाता, तेका पाण्यापासून, धुरापासून, काळोखापासून राख रे म्हाराजा!"

इथवर सगळं ठीक होतं. पण रेल्वे म्हटली की काही ना काही होणारच. एका पत्रात आलं, की वीज गेली आणि गाडी बोगद्यात चाळीस मिनिटं उभी राहिली. तुळसाकाकीनं भर दुपारी कंदील पेटवून कट्ट्यावर ठेवला आणि दिवसभर उपास केला.

"काकी, ही नऊ दिवसांपूर्वीची गोष्ट आहे. पत्र आलंय म्हणजे तो सुखरूप आहे."

"लिवताना सुखरूप होतो," ती म्हणाली. "मगे?"

मी कंदिलात तेल घालून दिलं. बी. ए.ला तर्कशास्त्र घेऊनही.

दुसऱ्या पत्रात आलं, की लायन दोन स्टेशनं पुढं वाढवली. कायतानबाबनं चुन्याचं भांडं खाली ठेवलं. "बांद्याच्या फुडे पोर्तुगीज. परवानो व्हयो."

"माझ्या झिलाक?"

"झिलाक कित्याक? देवाक!"

गंगारामबाबालाही ते पटलं. रवळनाथाला नाक्यावर कागद दाखवायला लावणं बरं दिसलं नसतं. शेवटी आख्खी लायन पुसून पिंगुळी गोठ्याच्या आत सरकवली आणि बांद्याच्या अलीकडेच ती दोन स्टेशनं बसवली. गाय बाहेर माडाला बांधली.

आणि मग ती कोंबडी. तुळसाकाकीची पांढरी कोंबडी एका मंगळवारी कट्ट्यावर येऊन बसली, ती अर्धा तास उठेना. आम्ही हसलो. नऊ दिवसांनी पत्र आलं: 'आज, मंगळवारी, गाडी मोठ्या स्टेशनात अर्धा तास अडकली. कारण कुणालाच कळलं नाही.'

तुळसाकाकीला कळलं. त्या दिवसापासून तिनं खळ्यावर कुणालाही पाय ठेवू दिला नाही. माणसं मागच्या दारानं ये-जा करू लागली. पोस्टमन वईवरून पत्र द्यायचा. कोंबड्या डालग्याखाली. ती स्वतः ओसरीवर हातात झाडू घेऊन बसायची, आणि माडावरून झावळी पडली की कपाळाला हात लावायची. "गेली! बांद्याची लायन गेली!" अकरा माडांच्या अंगणात दिवसाला किती अपघात होत असतील, ते तुम्हीच मोजा. ती अंगानं वाळत चालली. चेष्टा करायची आम्ही बंद केली होती.

तर अशा वेळी हे पत्र आलं. दुसरी लायन, आणि तीही नदीखालून.

गंगारामबाबाला बोलावणं गेलं. तो मागच्या दारानं आला आणि ओसरीवर बसून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"नदीच्या वर माझो देव," तो म्हणाला. "नदीत मासळी. नदीखाल कोण आसा, ता माका म्हायत नाय."

"मगे इचार," तुळसाकाकी म्हणाली.

"कोणाक इचारू?"

"इतकी वर्सां मानाचो नारळ घेतलंस, आणि आता कोणाक इचारू म्हणतंस?"

"तुळशे, जमनीखाल माझी हद्द नाय म्हटलंय तरी तुझ्यासाठी बोगद्यात उतारलंय. आता पाण्याखाल नको घालू माका. पोवाक येणा नाय."

वईवरून कायतानबाब म्हणाला, "माझ्या सायबाक हद्द नाय. मी सांगतंय तेका. मेणबत्ती लावतंय नदीपुरती."

तुळसाकाकीनं त्याच्याकडे पाहिलं. "तेका मालवणी समाजता?"

"मी इतकी वर्सां काय लॅटिनीत बोलतंय?"

"मगे माझा हंय काय काम?" गंगारामबाबा उठला. त्याला खरंच लागलं होतं. "सगळी लायनच घाल त्याच्याकडे."

"बस रे बाबा!" तुळसाकाकीनं त्याचा हात धरला. "दोघव सांगा. तू जमीन बघ, तेका नदी बघूंदे. मधी कोण सोडू नकात म्हणजे झाला."

मग दोघांनी वाटणी केली. नदी कुठून सुरू होते यावर एक वाद झाला, तो न्हाणीच्या पन्हळावर मिटला. खळं पुन्हा सारवलं, नव्या लायनी ओढल्या, गाऱ्हाणं झालं, मेणबत्ती लागली. मला वाटलं, सुटलो. मी घरी जायला निघाले.

तुळसाकाकी ओसरीच्या खांबाला टेकून तशीच बसून होती. तोंडावर कुठेही समाधान नव्हतं.

"आता काय राहिलं, काकी?"

"ही वाट किती दिस रवतली?" तिनं विचारलं.

मी पत्र पुन्हा चाळलं. त्यात ते नव्हतं.

"तेंच्या मनात इला की बदलतले," ती म्हणाली. "पाणी शिरात, वीज जायत, रूळ तुटात, गाडी दुसऱ्या वाटेक घालतले. थंय बरोबरच आसा तेंचा. माणसां वाचवची तर वाट बदलूकच व्हयी. पण माका कळासर नव दिस. तितके दिस तो एकटोच, गो वयनी. वाटेत कोण नाय तेका."

गंगारामबाबा म्हणाला, की मग सरसकट गाऱ्हाणं घालू, जिथं गाडी वळेल तिथं देवा तू वळ. तुळसाकाकीनं मान हलवली. "खंय तरी कोण तरी आसा, असा सांगलास तर देव कोणाकव घेवन येयत. माका माझो झील व्हयो."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "वयनी, तुझा इंग्रजी कागद काढ. सत्यवानाक नको. तेच्या वरच्याक. सगळ्यात वरच्याक. ही रेल्वे जो वळयता तेका लिव."

मी दौत-टाक आणि कागद घेऊन आले. ओसरीवर बसले. तिनं आधी आपलं नाव सांगितलं, मग घोवाचं, मग सासऱ्याचं. मग अकरा माड लिहायला लावले, म्हणजे मागायला आलेली बाई नव्हे हे साहेबाला कळावं. मग म्हणाली, "लिव, की माझ्या झिलाक काढू नकात, तेका वर बसयू नकात, पगार वाढयू नकात. काम बरा करता, करूंदेत तेका." मी इंग्रजीत उतरवत गेले. तुमच्या सोयीनं लायनी बंद करा, पुसा, वळवा, असंही तिनं सांगितलं. रेल्वे तुमची आहे.

"आणि?" मी विचारलं.

ती बोटं मोजू लागली. नऊ दिवस पत्राला. एक दिवस गंगारामबाबा भेटायला. एक सारवण सुकायला. एक हाताशी असावा म्हणून.

"लिव," ती म्हणाली. "वाट बदलूची झाली तर बारा दिस आदी माका कळवा."