बाईंचं चित्र मी गुंडाळलं

सन अठराशे चौऱ्याहत्तर. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो. त्या साली जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, देवापुढेही नाही. देवाला आपसूक ठाऊक असेल तर असो, माझ्या तोंडून त्याने ऐकलेलं नाही.

तुम्हाला सांगतो. अक्षर वाकडं आहे, तीन यत्तांचं आहे. चालवून घ्या. नाही घेतलंत तरी मी लिहिणारच.

मी ठाण्याचा सखोबा, नाटकांचे पडदे रंगवणारा. राजवाडा, अरण्य, नदीकाठ — जे सांगाल ते, बारा हात रुंद. लांबलांबच्या कंपन्या माझं दार शोधत यायच्या. म्हणून तर ठाण्याच्या वकील-शिरस्तेदारांनी कलाकौशल्य वाढवायला मंडळी काढली तेव्हा मला कमिटीत घेतलं. सात मेंबर. सहा जणांच्या डोक्यावर पगडी, आणि सातवा मी, नखांत हिरवा रंग. बायको म्हणायची, "अहो मेंबर, मान जरा खाली घाला, विहिरीत जाल." मी मान खाली घातली नाही. का घालावी? माझ्या हाताने मला तिथे बसवलं होतं, कुणाच्या चिठ्ठीने नाही.

कमिटीचा चिटणीस विनायकराव. कल्याणचा, सव्वीस वर्षांचा, मुंबईच्या चित्रशाळेत शिकून आलेला. तेलरंगात माणसाचा चेहरा असा काढायचा की समोरच्याने नमस्कार करावा. वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याला वाईट ठरवायला जाईन आणि तुम्ही मला अडवलं पाहिजे.

आदल्या वर्षी आम्ही ठाण्यात प्रदर्शन भरवलं. कुठे काय लावायचं ते चिटणीस ठरवायचा. मी माझा सगळ्यांत चांगला पडदा दिला, वाघाचा. चार महिन्यांचं काम. सकाळी नवा अंगरखा घालून गेलो, चित्रांच्या दालनात शोधला. नाही. शोधत शोधत मागच्या मांडवात गेलो, तर माझा वाघ भाज्यांच्या मागे. पुढे भोपळे, पडवळ, सुरणाचे गड्डे, आणि मानपाड्याच्या एका शेतकऱ्याने आपली काकडीची माळ माझ्या बांबूला बांधलेली.

विनायकराव धावत आला. हसतमुख. म्हणाला, "सखोबा, गैरसमज नको. चित्र वेगळं, पडदा वेगळा. पडदा ही कारागिरी. इथे मागे काय शोभतोय बघा तरी."

त्या शेतकऱ्याने मान डोलावली. "व्हय तर, काकड्या उठून दिसत्यात."

लोक हसले. विनायकराव हसला नाही, हे खरं. पण त्याला वाटलं आपण माझी स्तुती केली — ह्याचीच आग जास्त. शिवी दिली असती तर मी तिथल्या तिथे फेडली असती. स्तुतीला काय करायचं?

वर्षभर मी ते धरून ठेवलं. बैठकीला जायचो, माझ्या जागी बसायचो, त्याने विचारलं तर उत्तर द्यायचो. आणि वाट बघायचो. कशाची, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मग पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनाचं आलं. आमच्या मंडळीने ठाण्या-कल्याणातली तीन चित्रं पाठवायची. त्यातलं एक विनायकरावाचं, त्याच्या आईचं. आई विधवा, तांबड्या लुगड्यात, पदर कपाळापर्यंत ओढलेला, पुढ्यात सूप, तांदूळ निवडत बसलेली. अशा बाईचं चित्र तेव्हा कोण काढत होतं? कमिटीत कुजबूज झाली. पण आमचे अध्यक्ष अण्णासाहेब म्हणाले जाऊ दे, आणि पाठवणीचं काम माझ्याकडे दिलं. माझे पडदे गावोगाव जातात, मला बांधणी कळते, म्हणून.

मी कल्याणला गेलो. विनायकराव हिवतापाने आतल्या खोलीत पडलेला, शुद्ध-बेशुद्ध. बाई ओसरीवर आल्या. चित्र भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. मी बघत राहिलो. चांगलं होतं. — नाही, नुसतं चांगलं म्हणून सुटणार नाही. असं मला जन्मात जमलं नसतं. हातावरच्या शिरा, सुपातला एक-एक दाणा, आणि चेहऱ्यावर ती दुपारची एकटी शांतता.

बाई म्हणाल्या, "सखोबा, कसं आलंय?"

"बरं आलंय."

"वीस वर्षं झाली आरसा बघून. आमच्यासारखीने बघायचा नसतो ना. ह्यात बघितलं तेव्हा म्हटलं, अगं बाई, ही तर म्हातारी झाली." हसल्या. "नाक थेट माझ्या भावाचं उतरलंय. हे आधी ठाऊक असतं तर त्याला इतकं नकटा-नकटा म्हटलं नसतं."

मग म्हणाल्या, "विनूने निरोप ठेवलाय. चौकटीवरून उतरवायचं नाही, गुंडाळायचं नाही, सपाट पेटीत घालून न्यायचं."

त्याचं कारण मला ठाऊक होतं. इथे थांबतो, कारण पुढे मी सगळ्यांना उलटं सांगितलं. आमचा सरसाचा रंग दुपारपर्यंत वाळतो, मग पडदा कसाही गुंडाळा. तेलरंग वरून वाळलेला दिसतो आणि आत महिना-महिना ओला असतो. मुंबईला रंगाच्या दुकानात उभा राहून मी हे केव्हाच शिकलो होतो. तरी खात्री करायला कोपऱ्यात अंगठा दाबला. साय सरकावी तसा रंग सरकला.

"बाई," मी म्हणालो, "पेटी गाडीत आपटते. गुंडाळी बरी."

"पण विनू म्हणत होता—"

"तुमचा विनू चित्रं काढतो. ती गावोगाव नेण्यात माझा जन्म गेला."

बाईंनी एकदा आतल्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला जास्त कळतं." मी खिळे उपसले, कापड चौकटीवरून काढलं, चेहरा आतल्या बाजूला ठेवून घट्ट गुंडाळलं, आणि सुतळीने सात ठिकाणी आवळलं. बाईंनी सुतळीवर बोट धरलं, गाठ नीट बसावी म्हणून.

वैशाख होता. गुंडाळी स्टेशनावर दिवसभर उन्हात राहिली. ती मी सावलीत सरकवली नाही.

पुण्याहून तीन आठवड्यांनी परत आली, सोबत अण्णासाहेबांना पत्र, की चित्र लावण्याजोगं राहिलेलं नाही. बैठकीत टेबलावर उलगडली. उलगडताना चर्र आवाज झाला. सूप होतं, हात होते. पदराखाली चेहरा नव्हता, नुसतं उघडं कापड. त्याच्यावरचा रंग कापडाच्या मागच्या बाजूला चिकटून निघाला होता, खपली धरावी तसा.

अण्णासाहेब म्हणाले, "सखोबा, हे गुंडाळायचं होतं का?"

आणि मी — मी, ज्याने वर्षभर त्या एका शब्दाचा डंख पोसला — हात जोडून म्हणालो, "आम्ही पडदेवाले, साहेब. कारागीर माणसं. तेलरंगातलं आम्हाला काय कळणार?"

सगळ्यांना पटलं. लगेच पटलं. अडाण्याची चूक कोण मनावर घेतो? मला वाटत होतं एक तरी जण म्हणेल, सखोबाला हे कळत नाही असं होणार नाही. कुणी म्हणालं नाही.

विनायकराव तापातून उठलेला, गळ्याची हाडं दिसत होती. तो म्हणाला, "सखोबांना बोल लावू नका. माझा निरोपच पोचला नसेल. आईला ह्यातलं कळत नाही, ती सांगायला विसरली असेल." मग कापडाकडे बघून म्हणाला, "तिला हे सांगायचं माझ्याच्याने होणार नाही." अण्णासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "सखोबा, तुम्ही वयाने मोठे. तुम्ही जाऊन सांगून या."

त्या दिवशी मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी घरी आलो, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि गाढ झोपलो.

विनायकरावाने पुन्हा कुंचला धरला नाही. कल्याणच्या कचेरीत कारकुनी केली, अजून आहे. बाई जाऊन पंधरा वर्षं झाली. त्यांचं दुसरं चित्र कुणी काढलं नाही. हे लिहिलेलं त्याच्या हाती पडलं तर पडू दे.

तुम्हाला वाटेल, एवढंच ते. मलाही इथे लेखणी ठेवावीशी वाटते. पण चित्राचं मी कधीतरी सांगून टाकलंही असतं. न सांगण्यासारखं त्याच्या पुढचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी कल्याणला गेलो. विनायकराव कामाला बाहेर पडला होता. बाईंनी मला ओट्यावर बसवलं, आमच्यासारख्यांना बसवतात तिथे, आणि ओंजळीत वरून पाणी ओतलं. मी सांगितलं, चित्राचा चेहरा गेला.

त्यांनी विचारलं, "गुंडाळल्यामुळे का हो?"

"नाही बाई. माझे सगळे पडदे गुंडाळूनच जातात, एकाचाही रंग उडालेला नाही. रंग टिकणं हे लावणाऱ्याच्या हातात असतं. तुमच्या विनूचा हात अजून कच्चा आहे."

बाईंनी पाण्याचा तांब्या उचलला. मग आत गेल्या, पानावर पोहे घेऊन आल्या, माझ्यापुढे ठेवले, आणि हळूच म्हणाल्या, "त्याच्या हाताचं हे मला कळलंय असं त्याला बोलू नका हं. मीही कधी विषय काढायची नाही. जिवाला लावून घेईल पोर."

मी म्हणालो, "नाही बोलणार."

आणि पोहे खाल्ले, सगळे.